दीड मिनिटाची चोरी

चंद्रकांत चिकोडीकरने नोकरीची चौतीस वर्षं एका कॅमेऱ्यापाशी काढली. बेंगळुरूतल्या एका सरकारी संशोधन संस्थेच्या मागच्या इमारतीत तो कॅमेरा होता. शंभर फुटांचं रीळ तो दीड सेकंदात संपवायचा आणि संपवताना असा किंचाळायचा की नवीन माणूस दाराबाहेर पळायचा. विमानाच्या पुढच्या काचेवर पक्षी आदळला तर काच टिकेल का, हे बघण्यासाठी तिथे हवेच्या तोफेतून मेलेली कोंबडी काचेवर मारत. नुसत्या डोळ्यांना दिसायचं ते एवढंच, की धाडकन आवाज झाला आणि काच लाल झाली. चंद्रकांत रीळ धुऊन आणायचा, पडद्यावर लावायचा, आणि तेच दीड सेकंद पावणेतीन मिनिटं चालायचं. चोच काचेला टेकते, काच पाण्यासारखी लवते, परत सरळ होते. शास्त्रज्ञ खुर्च्या पुढे ओढून बघत बसायचे. मग अहवाल छापून यायचा. त्यात शास्त्रज्ञांची नावं असायची, आणि शेवटच्या पानावर तळाशी ‘चित्रण : छायाचित्रण विभाग’. त्या विभागात चंद्रकांत एकटाच होता.

त्याने त्याची कधी तक्रार केली नाही. चिकोडीकर मंडळी आजोबांपासून बेंगळुरूची. घरात मराठीच, पण कन्नड वळणाची, ‘स्वल्प चहा टाक’ म्हणणारी मराठी. हेब्बाळच्या तळ्यापासून दहा मिनिटांवर त्यांचा फ्लॅट होता. बायको कल्पना एका शाळेत हिंदी शिकवायची. मुलगी शमिका लग्न होऊन नागपूरला गेली होती. चंद्रकांत निवृत्त झाला, तीन वर्षांनी कल्पनाही झाली, आणि पहिल्याच महिन्यात ती घरात अशी येरझाऱ्या घालायला लागली की कुठल्यातरी वर्गावर जायचं राहून गेलंय असं वाटावं.

एके दिवशी वर्तमानपत्राच्या घडीतून एक पत्रक पडलं. इंदिरानगरला एका जुन्या बंगल्यात, साठीच्या आसपासच्या लोकांसाठी व्हिडिओकलेचा वर्ग. चंद्रकांतनेच ते कल्पनाच्या ताटाशेजारी ठेवलं.

“जा तू. नातवाचे व्हिडिओ तरी नीट काढशील. तुझे नेहमी हलतात.”

ती गेली. वर्ग घेणारी रक्षिता शिवमोग्याची, एकोणतीस वर्षांची मुलगी. तिने पहिला गृहपाठ दिला तो असा : वेळ जाताना दिसेल असं काहीतरी दहा मिनिटं टिपायचं, कॅमेरा जागचा हलवायचा नाही. कल्पनाने बाल्कनीत फोन टेकवून ठेवला आणि दोरीवरच्या ओल्या टॉवेलातून ठिबकणारं पाणी टिपलं.

“सेकंदाला किती फ्रेम ठेवल्यास?” चंद्रकांतने विचारलं.

“फोनने ठेवल्या असतील तेवढ्या.”

तो खो खो हसला. शनिवारी मराठी मंडळात त्याने हा किस्सा तिघांना सांगितला. टॉवेल! दहा मिनिटं!

महिन्याभराने घरच्यांना बोलावून सगळ्यांची कामं दाखवली. चंद्रकांत मागे बसला. टॉवेल लागला. सुरुवातीला थेंब भराभर पडत होते, मग सावकाश, मग इतके सावकाश की पुढच्या थेंबाची वाट बघावी लागायची. आठव्या मिनिटाला कडेला एक थेंब फुगला आणि पडेचना. खोलीत कुणी खोकलं नाही. शेवटी तो पडला तेव्हा एका बाईंनी मोठ्याने श्वास सोडला. चंद्रकांतने घड्याळ पाहिलं, वर बघितलं, तर पुढच्या रांगेतल्या दोघांनी खुर्च्या पडद्याकडे ओढल्या होत्या.

खुर्च्या तशाच ओढलेल्या त्याने चौतीस वर्षं पाहिल्या होत्या. 

नंतर चहाच्या वेळी रक्षिताने कल्पनाचे दोन्ही हात हातात घेतले. “कल्पना अक्का, अहो, तुम्ही आम्हाला थांबायला लावलंत!” मग तिचं लक्ष चंद्रकांतकडे गेलं. “आणि तुम्ही अंकल, हो ना?”

कल्पना अक्का आणि तो अंकल. तो तिच्यापेक्षा फक्त तीन वर्षांनी मोठा होता. तरी त्याने हसून आपला कॅमेरा सांगितला, रीळ सांगितलं, कोंबडी सांगितली. रक्षिताचे डोळे मोठे झाले.

“त्यातलं काही आहे तुमच्याकडे? बघायला मिळेल?”

“ती संस्थेची मालमत्ता. बाहेर काढता येत नाही.”

“ओह,” ती म्हणाली आणि परत कल्पनाकडे वळली.

पावसाळा संपता संपता कल्पनाने आपलं मोठं काम सुरू केलं. बाल्कनीत करडी चादर टांगायची, समोर स्टूल, स्टुलावर एक माणूस आणि त्याच्यापुढे तिने नवा घेतलेला छोटा कॅमेरा. त्याने डोळे मिटायचे आणि एक मिनिट झालं असं वाटलं की उघडायचे. मोजायचं नाही. बस, एवढंच. तिने सोसायटीचा पहारेकरी बसवला, वरच्या मजल्यावरची सात वर्षांची सिद्धी बसवली. महादेवपुऱ्याला आयटीत जाणारा शेजारचा जितेंद्र बावीस सेकंदांत डोळे उघडून म्हणाला, “झालं ना? मला कॉल आहे.” सिद्धीला एकतीस सेकंद लागले. कोपऱ्यावर मोगरा विकणारी पद्मावती मात्र बसली ती बसलीच. मिटल्या डोळ्यांनीही तिची बोटं मांडीवर नसलेली फुलं गुंफत राहिली. दोन मिनिटं अकरा सेकंदांनी तिने एक डोळा उघडून विचारलं, “आयता, अक्का? झालं का गं?”

चंद्रकांत आतल्या खोलीतून हे बघायचा. पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, “कॅमेरा मी सांभाळतो. तू माणसांकडे बघ.”

“नको. तुम्ही मागे उभे राहिलात की लोक ताठ बसतात.”

मग तो वाट बघत राहिला, की ती आपल्यालाही स्टुलावर बसवेल. इस्त्रीवाला बसला. शमिका चार दिवस आली होती, तीही बसली. पाण्याचा टँकर घेऊन येणारा माणूसही बसला. चंद्रकांतला कुणी बोलावलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात त्याने बायकोकडे काही मागितलं नव्हतं, निदान त्याला तसं वाटायचं. एका सकाळी तो स्वतःच चादरीपुढे जाऊन बसला.

“माझं घे.”

“तुम्ही मोजाल.”

“नाही मोजत.”

तिने कॅमेरा लावला. त्याने डोळे मिटले आणि उघडले तेव्हा बरोबर साठ सेकंद झाले होते. एकसष्ट नाही, एकोणसाठ नाही. तो अभिमानाने तिच्याकडे बघत राहिला. कल्पनाने कॅमेरा बंद केला आणि चादरीचा चिमटा सारखा केला.

“मोजलंत ना?”

“बरोबर आलं की नाही ते सांग.”

“बरोबर आलं,” ती म्हणाली. शेवटी निवडलेल्या एकतीस माणसांत तो नव्हता.

डिसेंबरात बंगल्यातच प्रदर्शन भरायचं ठरलं. सात जणांची कामं होती आणि मधली मोठी खोली कल्पनाला मिळाली. एका कन्नड वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. मंडळात बायकांनी तिला घेरलं, आणि नव्याने आलेल्या एका पुणेकर जोडप्याशी ओळख करून देताना कुणीतरी म्हणालं, “हे कल्पनाताईंचे मिस्टर.” चंद्रकांतने नमस्कार केला. त्या संध्याकाळी त्याने आमटी खारट झाल्याचं सांगितलं. ती झालेली नव्हती.

त्याने एक प्रयत्न करून पाहिला, कुणाला न सांगता. कल्पना इंदिरानगरला गेली की तो स्वयंपाकघरात फोन लावायचा आणि फोडणी टिपायचा. तेलात मोहरी कशी थरथरते, फुगते, फुटून उसळी घेते, ते सगळं संथ वेगात. बारा दिवस खपून त्याने तीन मिनिटांचा एक तुकडा बनवला. प्रकाश, फोकस, कुठे बोट ठेवायला जागा नाही. तो घेऊन, दोन बस बदलून, कल्पनाचा वर्ग नसलेल्या दिवशी तो रक्षिताकडे गेला.

तिने शेवटपर्यंत पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं.

“अंकल, फार स्वच्छ काम आहे. हे असं मला येणार नाही.”

“पण?”

ती जरा घुटमळली. “पण बघताना मला कशाची वाट बघावीशी वाटत नाही.”

“मोहरी फुटायची वाट बघायची.”

“ती फुटणारच आहे ना, अंकल?”

परतीच्या बसमध्ये त्याला जागा मिळाली तरी तो उभाच राहिला. रक्षिताचा राग येत नव्हता. राग येत होता तो कल्पनाचा. फ्रेम म्हणजे काय हे जिला ठाऊक नाही, जी आजही चार्जर उलटा खुपसते, तिला हे न शिकता कसं जमतं? आणि मला का नाही?

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी कल्पनाने लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला. सगळी जुळणी तिने केली होती. अखंड एक फाइल बनवून पेन ड्राइव्हवर घालणं तेवढं तिला येत नव्हतं. “एवढं करून द्या. बेचाळीस मिनिटं आहे,” असं म्हणून ती साडीला फॉल लावून आणायला गेली.

चंद्रकांतने फाइल उघडली. वेगाच्या खिडकीत शंभर लिहिलेलं होतं. त्याने त्याचे एकशे चार केले.

असं का केलंस, असं त्याला त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर त्याच्याकडे उत्तर तयार होतं. चार टक्के कुणाला कळत नाहीत. बेचाळीस मिनिटांतून दीड मिनिट जेमतेम जातं. आवाजाची पट्टी सॉफ्टवेअर सांभाळून घेतं. आणि कुणालाच कळलं नाही, तर मग या सगळ्या वेळ आणि जाणिवेच्या गप्पांना अर्थ काय? हा एक प्रयोग आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं. त्याने बटण दाबलं. कितीतरी महिन्यांनी त्याला मोकळं वाटलं.

दुसऱ्या दिवशी खोली भरली. लोक जमिनीवरसुद्धा बसले. एकतीस माणसं एकामागून एक डोळे मिटून बसली आणि उघडून गेली. लोक हसले, गप्प झाले, काही जण स्वतःच डोळे मिटून बघायला लागले. कुणाला काहीही कळलं नाही. चंद्रकांत भिंतीला टेकून उभा होता आणि मनातल्या मनात टाळ्या पिटत होता. मग त्याचं लक्ष कल्पनाकडे गेलं. ती कडेला उभी होती. कपाळावर आठी होती आणि एक हात गळ्यापाशी होता.

 रिक्षात ती म्हणाली, “आज सगळे घाईत होते, नाही?”

“कोण सगळे?”

“पडद्यावरचे. पद्मावती लवकर उठली.”

“रेकॉर्ड केलेली माणसं लवकर कशी उठतील?” चंद्रकांत म्हणाला. “दमली आहेस.”

“हो, तसंच असेल.”

पण दुसऱ्या दिवशीही ती जाऊन पूर्ण पाहून आली, आणि तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी सकाळी तिने दूध तापायला ठेवलं आणि घड्याळाकडे बघत ओट्यापाशी उभी राहिली. चंद्रकांतने काय करतेस विचारलं तर म्हणाली, “काही नाही. मला वाटलं तेवढीच मिनिटं झालीत का ते बघत होते.” थोड्या वेळाने फोनवर शमिकाशी ती हळू आवाजात बोलत होती. चंद्रकांतने दारापाशी थांबून ऐकलं.

“आईचं असंच सुरू झालं होतं गं. नावं, चेहरे सगळं नंतर गेलं. आधी वेळ गेली. संध्याकाळी सकाळचा चहा मागायची… नाही, बाबांना नाही सांगितलं. ते हसतील.”

सासूबाईंची शेवटची सहा वर्षं चंद्रकांतने पाहिली होती. गाऊनला पोरीच्या नावाची चिठ्ठी टाचलेली असायची. तो दारातून मागे सरकला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसला. तरी त्या दिवशी तो बोलला नाही. बोलायचं ठरवून दोनदा स्वयंपाकघरात गेला आणि दोन्ही वेळा पाणी पिऊन परत आला.

शुक्रवारी सकाळी कल्पना म्हणाली, “मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. येता का बरोबर?”

दवाखान्यात सतरा नंबर मिळाला. चौदावा आत होता. समोरच्या बाकावर एका म्हाताऱ्याला त्याची सून बिस्किट भरवत होती. कल्पनाने तिकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. पर्स तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

“कल्पना, आत जाऊ नकोस,” चंद्रकांत म्हणाला. “तुला काही झालेलं नाही.”

“ते डॉक्टर सांगतील.”

“फाइल मी बदलली होती. वेग वाढवला.”

ती वळून त्याच्याकडे बघायला लागली. पंधरा नंबरचा पुकारा झाला.

“किती?”

“चार टक्के.”

“पद्मावतीचं किती झालं?”

“दोन अकराचं दोन सहा.”

“पाच सेकंद,” ती म्हणाली. तिने पर्स मांडीवर ठेवली. “मला पाच सेकंद कळले.” क्षणभर तिचा चेहरा उजळला. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोराने बरोबर उत्तर दिलं की उजळायचा तसा. मग तो हळूहळू बदलला.

“का केलंत?”

प्रयोग, हा शब्द त्याने सहा दिवस घोटून ठेवला होता. तो तोंडातून आला नाही.

“मला बघवत नव्हतं.”

“काय बघवत नव्हतं?”

“तुझं सगळे करतात ते. कौतुक.”

समोरच्या सुनेने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. तिला मराठी कळलं असावं, किंवा नुसता सूर कळला असावा.

“सव्वासातच्या बसने जायचात तुम्ही,” कल्पना म्हणाली. आवाज चढला नव्हता. “शमिकाला अंगावर घेऊन मी खिडकीत उभी असायचे. संध्याकाळी येऊन काच कशी लवली ते सांगायचात, तासतासभर. तेव्हा मला काही वाटत नव्हतं? चौतीस वर्षं वाटलं. मी तुमच्या कॅमेऱ्याला कधी हात लावला?”

सोळा नंबरचा पुकारा झाला.

“सहा दिवस मला वाटत होतं, आईचं मला झालं. रोज तुमच्या ताटात वाढत होते मी. एकदा तरी सांगायचं.”

सतरा नंबरचा पुकारा झाला. ती उठली, टोकन खिडकीवर ठेवलं, आणि बाहेर जाऊन रिक्षाला हात केला. तो मागोमाग धावला तेव्हा तिने रिक्षाच्या दांड्याला धरून वाट अडवली. “मूळ फाइल घेऊन या. मी इंदिरानगरला जाते. तुम्ही बसने या.”

तो घरी गेला, शंभर टक्क्यांची फाइल पेन ड्राइव्हवर घातली, दोनदा तपासली आणि दोन बस बदलून बंगल्यावर पोचला. दारात रक्षिता होती. तिने हात पुढे केला, पेन ड्राइव्ह घेतला.

“आत येऊ नका. लोक बसलेत.” या वेळी ‘अंकल’ ती म्हणाली नाही.

पुढचे अकरा दिवस कल्पना त्याच्याशी कामापुरतं बोलली. गॅस आलाय, किल्ली ठेवलीय, शमिकाचा फोन आहे. शमिकाने फोनवर फक्त “बाबा…” म्हटलं आणि फोन ठेवला. लॅपटॉपला पासवर्ड बसला. फाइल बनवायला कल्पना रक्षिताकडून शिकली. ते शिकायला तिला जेमतेम वीस मिनिटं लागली, आणि हेही चंद्रकांतच्या जिव्हारी लागलं.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी तो न विचारता गेला आणि अनोळखी लोकांत खाली मांडी घालून बसला. बेचाळीस मिनिटं त्याने पूर्ण पाहिली. हातातलं घड्याळ त्याने खिशात टाकलं होतं, पण मनातली मोजणी काही थांबेना. सिद्धी आली, जितेंद्र आला, टँकरवाला आला. पद्मावतीची बोटं हलायला लागली तेव्हा कधीतरी त्याचा आकडा चुकला. मग परत पकडला. काम चांगलं होतं. वाईट असतं तर त्याला घरी जाऊन शांत झोप लागली असती.

बाराव्या दिवशी कल्पनाने दोन कप चहा केला, एक त्याच्यापुढे ठेवला आणि समोर बसली.

“अजून वाटतं?” तिने विचारलं.

खोटं बोलायची ती चांगली संधी होती.

“वाटतं,” तो म्हणाला.

“बरं.” तिने चहा प्यायला. “वाटू द्या. पण माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही.”

“सरी,” त्याने कन्नडात होकार दिला.

फेब्रुवारीत धारवाडच्या एका कलामहाविद्यालयाने ते काम बघायला मागवलं. रक्षिता आणि कल्पना दोघी निघाल्या. चंद्रकांत स्टेशनवर पोचवायला गेला. कपड्यांची बॅग त्याने उचलली होती. कॅमेऱ्याची पिशवी कल्पनाच्या खांद्यावर होती. डब्यापाशी ती रक्षिताने उतरवून घेतली. दोघी कशावरून तरी हसत आत चढल्या. खिडकीतून कल्पना म्हणाली, “कुकरची शिट्टी बदलून आणा. आणि जेवण वेळेवर करा.” गाडी हलली.

फलाटावर त्याच्याशेजारी लष्करातून निवृत्त झालेला दिसणारा एक माणूस उभा होता. त्यानेही कुणाला तरी पोचवलं होतं. त्याने हिंदीत विचारलं, “घरवाले गए?”

“पत्नी,” चंद्रकांत म्हणाला. मग त्याने पुढे सांगितलं, “कलाकार हैं.”

तो माणूस मान डोलावून निघून गेला. चंद्रकांत जिन्याकडे वळला. तो शब्द त्याने पहिल्यांदाच उच्चारला होता. खरा होता, आणि तरी जिना चढेपर्यंत तो त्याला काट्यासारखा बोचत राहिला.